हार्डींची 'टेस' आणि विंटरबॉटम यांची 'तृष्णा' : वगळलेल्या बाळाचा प्रश्न

थॉमस हार्डी यांची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही कादंबरी १८९१ साली प्रसिद्ध झाली. मायकेल विंटरबॉटम यांनी तिचे कथानक आजच्या भारतात, राजस्थान आणि मुंबईत आणून 'तृष्णा' (२०११) हा चित्रपट निर्माण केला. 'ज्यूड' (१९९६) आणि 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'वर आधारलेला 'द क्लेम' (२०००) यांनंतरचे त्यांचे हे हार्डींच्या साहित्यावरील तिसरे काम होय. रोमन पोलान्स्की यांच्या 'टेस' (१९७९) या चित्रपटाइतकी मूळ संहितेशी जवळीक येथे नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. रूपांतराने मूळ कलाकृतीशी इमान राखले की नाही, हा प्रश्न समीक्षेत आता बराच जुना झाला आहे. रूपांतरकाराने काय वगळले आणि त्या वगळण्याने कलाकृतीचा अर्थ कसा बदलला, हा प्रश्न मात्र जुना होत नाही. प्रस्तुत लेखात 'तृष्णा'चा विचार याच अंगाने केला आहे.

चित्रपटाचा पूर्वार्ध समर्थ आहे. कादंबरीत टेसच्या हातून 'प्रिन्स' हा घोडा अपघातात मरतो आणि त्याबरोबर कुटुंबाचे उपजीविकेचे साधन जाते. चित्रपटात घोड्याच्या जागी वडिलांची जीप आहे. अपघातात जीप निकामी होते, वडील जखमी होतात आणि थोरल्या मुलीला घराबाहेर कामाला जावे लागते. सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील विद्यार्थ्यांना हा कार्यकारणभाव समजावून सांगावा लागत नाही. जनावर किंवा वाहन गेले की घरातील मुलीच्या शिक्षणाचे काय होते, हे त्यांना ठाऊक असते. हार्डींची वेसेक्समधील शेतमजुरांची सृष्टी आपल्याकडे किती सहज रुजते, याचा प्रत्यय या भागात येतो. कादंबरीतील आंधळ्या धनवंत वृद्धेच्या जागी हॉटेलमालक आंधळा पिता (रोशन सेठ) येतो आणि पक्ष्यांची देखभाल तृष्णाकडेच राहते, हा बदलही नेमका आहे.

सर्वांत धाडसी बदल पुरुषपात्रांचा आहे. टेसला भ्रष्ट करणारा अ‍ॅलेक आणि तिच्यावर प्रेम करून तिला टाकून जाणारा एंजल या दोघांना विंटरबॉटम एकाच पात्रात गोवतात. विलायतेत वाढलेला, हॉटेलमालकाचा मुलगा जय (रिझ अहमद) हे ते पात्र. सभ्य प्रियकर आणि शोषक धनी ही दोन माणसे नसून एकाच माणसाच्या दोन अवस्था आहेत, कोणती अवस्था कधी प्रकट होईल हे त्याच्या मर्जीवर आणि तिच्या पगारावर अवलंबून असते, असे या योजनेतून सूचित होते. वर्गभेदाच्या दृष्टीने हे निरीक्षण खोल आहे. अखेरच्या भागात जय कामसूत्रातील स्त्रियांचे वर्गीकरण वाचून दाखवतो, तेव्हा मालकीची भाषा आणि प्रेमाची भाषा यांतील अंतर पुसले गेलेले दिसते.

परंतु या एकत्रीकरणाची किंमत कादंबरीच्या मर्मस्थानी मोजावी लागते. लग्नाच्या रात्री एंजल स्वतःच्या पूर्वायुष्यातील स्खलनाची कबुली देतो आणि टेस त्याला तत्काळ क्षमा करते. नंतर ती स्वतःची हकीकत सांगते, तेव्हा तोच पुरुष क्षमा नाकारतो. अपराध एकच असताना न्याय दोन, ही विषमता एवढ्या थेटपणे उभी करणारा प्रसंग त्या काळच्या कादंबरीत क्वचित सापडेल. मुंबईच्या चित्रपटसृष्टीने हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. नूतन, धर्मेंद्र आणि रेहमान यांच्या भूमिका असलेला 'दुलहन एक रात की' (१९६७) हा चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला असून त्याच्या नावातच ती रात्र आहे. गाण्यांनी आणि योगायोगांनी भरलेल्या त्या चित्रपटाला कलामूल्यात 'तृष्णा'च्या पंक्तीला बसवता येणार नाही. पण त्यात पुरुष दोन आहेत, म्हणून कबुलीलाही अर्थ आहे. 'तृष्णा'त नायिका मुंबईच्या सदनिकेत जयला आपल्या गर्भपाताविषयी सांगते, तेव्हा तो गर्भ त्याचाच असतो. स्वाभाविकच प्रश्न शुद्धतेचा उरत नाही, लपवून ठेवल्याचा होतो. जय दुखावतो, पुढे वडिलांच्या आजारपणामुळे इंग्लंडला निघून जातो. त्याच्या रागात क्षुद्रपणा आहे. पण एंजलच्या नकारामागे जो समाज, जो धर्म आणि जी नीती उभी होती, त्यांपैकी येथे काहीच उभे नाही.

याहून मोठी उणीव बाळाची आहे. कादंबरीतील टेस मूल जन्माला घालते, शेतावर त्याला उघड पाजते. ते आजारी पडून मरणार असे दिसताच पाद्र्याला घरात येऊ देण्यास तिचा बाप नकार देतो. तेव्हा ती मध्यरात्री भावंडांना उठवते, त्यांना गुडघे टेकायला लावते आणि स्वतःच्या हाताने बाळाला बाप्तिस्मा देऊन त्याचे नाव 'सॉरो', म्हणजे दुःख, असे ठेवते. पाद्री त्याला रीतसर दफन नाकारतो. दारुडे आणि आत्महत्या केलेले जेथे पुरले जातात, त्या कोपऱ्यात ते पुरले जाते. टेस दोन पट्ट्या सुतळीने बांधून क्रूस करते आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत फुले ठेवते. ज्या मुलीला पुढे सर्वजण बळी म्हणून पाहतात, तिने येथे धर्मसंस्थेचा अधिकार काही क्षण स्वतःच्या हाती घेतलेला असतो.

गंमत अशी की, 'द ग्राफिक' या साप्ताहिकात कादंबरी क्रमशः छापली जात असताना नेमका हाच भाग गाळावा लागला होता. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकाला तो चालण्यासारखा नव्हता. टेसच्या भ्रष्टतेऐवजी तेथे खोट्या लग्नाची क्लृप्ती योजली गेली. एंजलने गवळणींना उचलून पाणी ओलांडणेही खपले नाही, तेथे हातगाडी आली. बाप्तिस्म्याचा प्रसंग हार्डींनी 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'त स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. १८९१ मधील संपादकाने सोवळेपणापायी जे गाळले, ते २०११ मधील दिग्दर्शकाने वास्तववादापायी गाळले. भारतात १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला मर्यादित मान्यता दिली असल्याने तृष्णाचे दवाखान्यात जाणे असंभाव्य नाही. तरीही कापले गेले ते तेच.

या प्रसंगाला भारतीय रूप मिळणे अवघड होते, असा बचाव महाराष्ट्रातील वाचकाला पटणार नाही. जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शेजारच्या पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या प्रयत्नांतून १८७५ साली बालकाश्रमाचा आरंभ झाला. टाकून दिलेल्या अर्भकांचा प्रश्न तीर्थक्षेत्राच्या दारातच उभा होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती सौम्य करण्यात आली. त्या प्रकरणाने उद्विग्न होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) लिहिली. एकाच दोषाबद्दल स्त्रीला मरण आणि पुरुषाला मोकळीक का, हा त्यांचा सवाल 'टेस'च्या नऊ वर्षे आधीचा आहे. हार्डींनी कादंबरीच्या उपशीर्षकात टेसला शुद्ध स्त्री म्हटले आणि त्याबद्दल टीका सोसली. ताराबाईंनी तर शुद्धतेचा मापदंड पुरुषाच्या हाती कोणी दिला, हेच विचारले.

ताराबाईंच्या बाजूने पाहिले असता 'तृष्णा'तील नायिकेचे मौन अधिकच खटकते. फ्रीडा पिंटो यांचा चेहरा बोलका आहे, दिग्दर्शकानेही त्यावर भिस्त ठेवली आहे. पण टेस बोलते. घरात बोलीभाषा आणि बाहेर शाळेत शिकलेली इंग्रजी अशा दोन भाषा तिला येतात. ती पाद्र्याशी वाद घालते, एंजलला पत्रातून अन्यायाबद्दल जाब विचारते. तृष्णा जयशी बोलते ती परकी, नोकरीपुरती शिकलेली इंग्रजी. त्यामुळे तिचा संकोच खरा वाटतो. मात्र तिची स्वतःची बोली तिला घरात तरी मोकळी करील, ही शक्यता चित्रपट फारशी तपासत नाही. मुंबईच्या भागात ती नृत्य शिकते, मैत्रिणी मिळवते, गावाच्या नजरेबाहेर काही काळ हसते. कादंबरीत जे सुख दुग्धालयाच्या हिरव्या खोऱ्यात होते, ते येथे महानगराच्या गर्दीत आहे. ही अदलाबदल चित्रपटातील सर्वांत भारतीय आणि सर्वांत अस्सल सूझ म्हणता येईल. खेड्यातील मुलीला मोकळा श्वास शहरात मिळतो, निसर्गात नव्हे, हे हार्डींना लिहिता आले नसते.

अखेरीस तृष्णा जयला भोसकते, घरी परतते आणि स्वतःच्या हाताने आयुष्य संपवते. टेसला मात्र कायदा फाशी देतो; तुरुंगावर चढलेला काळा झेंडा एंजल आणि टेसची धाकटी बहीण दुरून पाहतात. फाशीत न्यायसंस्था, धर्मसंस्था आणि सारा समाज सहभागी असतो. तृष्णाच्या मृत्यूत तिच्याखेरीज कोणाचाच हात दिसत नाही. ज्या चित्रपटाने जीप, पगार आणि हॉटेलमधील जिना यांच्या साहाय्याने शोषणाची साखळी इतक्या बारकाईने दाखवली, त्याने शेवटची कडी मुलीच्याच हातात ठेवावी, हे अनाकलनीय आहे.