फादर होस्टेन ह्यांचे दप्तर

दप्तर आणि ग्रंथ ह्यांतील अंतर किती असते, हे सरकारी सेवेत केस पिकविलेल्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. टिपणावर टिपण चढते, संदर्भाला संदर्भ जोडला जातो, आणि निर्णयाचा कागद मात्र दुसऱ्याच कोणाच्या सहीने निघतो. फादर हेन्री होस्टेन ह्या बेल्जियन जेझुइट पंडिताची कथा काहीशी अशीच आहे. त्यांच्या कागदपत्रांचा संग्रह आज दिल्लीत, राजनिवास मार्गावरील विद्याज्योती ह्या ईश्वरविद्येच्या विद्यालयात आहे. हे विद्यालय पूर्वी दार्जिलिंगजवळ कुर्सियाँग येथे होते; १९७०च्या दशकाच्या आरंभी ते दिल्लीस आले.

होस्टेन ह्यांचा जन्म १८७३ चा, मृत्यू १९३५ चा. धर्मगुरू म्हणून ते बंगालच्या मिशनमध्ये आले आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या वर्तुळात वावरू लागले. मोगल दरबारी गेलेल्या पाद्र्यांची पत्रे हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास. जुनी लॅटिन आणि पोर्तुगीज पत्रे मिळवावीत, उतरवून घ्यावीत, भाषांतरावीत, आणि प्रत्येक नावामागील माणूस व प्रत्येक गावामागील नकाशा शोधावा, हा त्यांचा नित्यक्रम.

त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे फादर मॉन्सेराटे ह्याच्या लॅटिन वृत्तांताचे संपादन. अकबराच्या निमंत्रणावरून १५८० साली गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस जी मंडळी गेली, तीत रुडॉल्फ अक्वाविवा हा प्रमुख आणि मॉन्सेराटे हा त्याचा सोबती. वरिष्ठांच्या आज्ञेनुसार त्याने रोजनिशी राखली. १५८१ च्या काबूलच्या स्वारीतही तो बादशहाबरोबर होता. पुढे त्याला इथिओपियास धाडले, वाटेत तो अरबांच्या हाती सापडला, आणि हा वृत्तांत त्याने येमेनमधील सना येथे कैदेत असताना पुरा केला. हस्तलिखित मात्र दिसेनासे झाले. ते १९०६ साली सापडले कोठे, तर कलकत्त्यातील अँग्लिकन कॅथीड्रलच्या ग्रंथालयात! शोधणारे रेव्हरंड फर्मिंजर अँग्लिकन, आणि संपादन करणारे होस्टेन रोमन कॅथलिक. विद्येच्या कामी हा पंथभेद आड आला नाही, ह्याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते.

होस्टेन ह्यांनी १९१४ साली मूळ लॅटिन संहिता प्रस्तावना व टीपांसह छापली. सामान्य वाचकास अर्थातच हॉयलंड ह्यांचे १९२२ चे इंग्रजी भाषांतरच ठाऊक असते. परंतु आमच्या मते आधी संहिता सिद्ध करण्याचा होस्टेन ह्यांचा मार्गच बरोबर होता. भाषांतर जुने होते, पुन्हा करावे लागते. नीट उतरवलेली संहिता पुढच्या प्रत्येक पिढीस उपयोगी पडते.

येथे राजवाड्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोघेही एकाच काळचे, दोघेही कागदाच्या तुकड्यासाठी तहानभूक विसरणारे. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून छापण्यास आरंभ केला, पण केवळ साधने देऊन ते थांबले नाहीत. त्यांच्या प्रस्तावना कागदपत्रांवर स्वार होतात, वाद मांडतात, कित्येकदा चुकतातही. तथापि वाचकाच्या हाती एक मत पडते. होस्टेन ह्यांच्या बाबतीत हेच उणे आहे. त्यांचे पांडित्य टीपांत उतरले, आणि टीपा निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरल्या. मोगल दरबारातील जेझुइटांचा सलग इतिहास लिहिला तो सर एडवर्ड मॅक्लॅगन ह्यांनी, १९३२ साली. आणि हे गृहस्थ कोण, तर पंजाबचे निवृत्त गव्हर्नर. होस्टेन ह्यांच्या श्रमांचा त्यांना पदोपदी उपयोग झाला. ऑगस्टिनियन भिक्षू मान्रिक ह्याचा प्रवासवृत्तांत १९२६-२७ मध्ये इंग्रजीत आला, त्याच्या मुखपृष्ठावरही लेफ्टनंट कर्नल लुआर्ड ह्यांच्या मागे होस्टेन हे साहाय्यक म्हणूनच उभे आहेत.

दुसरा दोष अधिक गंभीर. मिशनऱ्यांची वार्षिक पत्रे युरोपातील धर्मबांधवांनी वाचावीत म्हणून लिहिलेली असत. बादशहा आता बाप्तिस्मा घेणार, ही आशा त्यांतून पुन्हा पुन्हा डोकावते. तिच्यामागे मिशनला पाठिंबा टिकविण्याची गरजही असे. असा कागद वाचताना जो साशंकपणा हवा, तो होस्टेन ह्यांच्याकडे पुरेसा नाही. आपल्याच संघाचे हे पूर्वज, म्हणून त्यांचा हात सैल पडतो. मॉन्सेराटे विश्वसनीय वाटतो तो ह्याच्या उलट कारणाने: त्याचा वृत्तांत पुरा झाला तेव्हा ती आशा मावळून गेली होती, आणि मग डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगण्याजोगे उरले होते.

म्हणूनच तो दिल्लीविषयी लिहितो तेव्हा हुमायूनची चौकोनी, उत्तुंग कबर आणि तिच्याभोवतीची बाग आपल्यापुढे उभी राहते. त्या कबरीजवळ राहून गोरगरिबांना अन्न देणाऱ्या विधवा बेगमेचीही तो नोंद करतो. आपल्यापैकी कितीजण रविवारी मुलाबाळांना घेऊन तेथे जातात; त्या चौथऱ्यावर उभे असताना एका कॅटलान पाद्र्याने हेच दृश्य चारशेहून अधिक वर्षांपूर्वी लॅटिनमध्ये टिपून ठेवले, हे कोणाच्या ध्यानी येते?

आणि हा विषय उत्तरेपुरताच आहे असेही नव्हे. मोगल दरबारचे हे मिशन गोव्याच्या अखत्यारीत होते. माणसे तेथून निघत आणि अहवाल तेथे जात. सिक्रीहून परतलेला अक्वाविवा १५८३ च्या जुलैत साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारला गेला, तेव्हा त्याचे व त्याच्या सोबत्यांचे मृतदेह मिळविण्याचे काम 'ख्रिस्तपुराणा'चा कर्ता फादर स्टीफन्स ह्याने केले. मॉन्सेराटेही १६०० साली साष्टीतच वारला. मराठी वाङ्मयाचा आणि मोगल दरबाराचा हा धागा कागदोपत्री उलगडावयाचा तर लॅटिन व पोर्तुगीज जाणणारा मराठी माणूस हवा. पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतून मराठ्यांचा इतिहास काढून दाखविला. दिल्लीतील ह्या दप्तराला मात्र असा मराठी वाचक अजून भेटावयाचा आहे.