देवेंद्रनाथांच्या ‘आत्मजीवनी’तील आनंद आणि विषाद

महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर (१८१७–१९०५) यांची बंगाली ‘आत्मजीवनी’ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्राह्मो समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून ती बहुधा वाचली जाते. तिचे वाङ्मयीन मोल मात्र एका कबुलीत आहे. ईश्वरानुभव आला, परंतु त्याने मन स्वस्थ झाले नाही.

आजीला अंतकाळी गंगातीरी निमतला घाटावर नेलेले असते. तिच्या मृत्यूच्या आदल्या रात्री, चटईवर बसलेल्या या धनाढ्य घरच्या तरुणाला अकस्मात अलौकिक आनंद होतो. ऐश्वर्याचा वीट येतो. गालिच्यांपेक्षा ती चटईच बरी वाटते. साधुचरित्रांच्या परिपाठाप्रमाणे येथून शांतीचा अध्याय सुरू व्हावयाचा. देवेंद्रनाथ लिहितात ते विषादाविषयी. तो आनंद शोधूनही पुन्हा सापडत नाही. वनस्पती-उद्यानातील एका समाधिस्तंभापाशी ते एकटेच जाऊन बसतात, आणि भर दुपारचे ऊन त्यांना काळे दिसते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या वाचनाने हा काळोख अधिकच दाटतो. पुढे ईशोपनिषदाचे एक फाटके पान हाती येते, रामचंद्र विद्यावागीश त्याचा अर्थ सांगतात, तेव्हा कोठे आधार लाभतो. आनंदाने जे दिले नाही ते अर्थाने दिले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

तुकारामांची तळमळ परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा विषाद परका वाटणार नाही. ‘आत्मजीवनी’च्या इंग्रजी अनुवादकांपैकी एक, देवेंद्रनाथांचे पुत्र सत्येंद्रनाथ, यांनी तुकारामांचे अभंगही बंगालीत नेले होते.

१८३९ ची तत्त्वबोधिनी सभा, १८४३ ची ब्राह्मो दीक्षा, नंतर पित्याचा मृत्यू आणि पेढीचे दिवाळे हा भाग बराचसा वृत्तांतवजा आहे. दिवाळ्याने देवेंद्रनाथांना उलट हलके वाटले, एवढेच त्यात चटका लावते.

ग्रंथाचा खरा उत्कर्ष सिमल्याच्या पहाडांत होतो. तेथे एकांत आहे, स्वास्थ्य आहे. परंतु निर्मळ नदी भूमीला सुपीक करण्यासाठी खाली उतरून गढूळ होते, हे पाहताना त्यांना परत फिरण्याचा आदेश ऐकू येतो, आणि त्यांचे हृदय कापते. नेतृत्व येथे मानसिक शांतीचे फळ म्हणून येत नाही; त्या शांतीचा तो त्याग आहे. १८५८ मध्ये ते कलकत्त्यास परततात आणि निवेदन तेथेच थांबते. १८६६ मध्ये प्रिय शिष्य केशवचंद्र सेन वेगळे झाले, ती वेदना या पानांत आलेली नाही. ग्रंथाची ही मोठीच उणीव होय. गढूळ झालेल्या पाण्याची हकीकत महर्षींनी लिहिली नाही.