पडद्यावरचे पान

जालना जिल्हा मोसंबीचा. जस्त कमी पडले की मोसंबीच्या पानाचा शिरांमधला भाग पिवळा पडतो. हे आपण आता संगणकावरील चित्रांतून शिकवतो. चित्रात रंग नसतात, आकडे असतात. ते सहसा १९९९ च्या एसआरजीबी प्रमाणानुसार वाचायचे असतात. विस्तृत रंगपल्ल्याच्या पडद्याचा हिरवा मुळातच अधिक झळझळीत. म्हणून तेथे ब्राउझरने आकडे बदलून द्यायला हवेत. चित्राला रंगवर्णन जोडलेले नसेल तर काही ब्राउझर आकडे तसेच पुढे ढकलतात, आणि उपाशी पान तजेलदार भासते. वर्णन नसल्यास एसआरजीबी धरावे, एवढा साधा नियम न पाळणे आम्हांस अक्षम्य वाटते. गंमत म्हणजे, साध्या पडद्यावर हेच पान बरेचसे खरे दिसते; फसते ती महागडा पडदा घेणारी शाळा!