दोर खरंच कापले होते का? नान्सेनचं ग्रीनलंड वाचताना

प्री-पीएचडी कोर्सवर्कच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एक पाहुणे वक्ते आले होते. विषय होता 'संशोधकाची मानसिकता'. त्यांनी नान्सेनची गोष्ट सांगितली. 1888 साल, सहा माणसं, पायात स्की, समोर ग्रीनलंडचं बर्फ. निघाले ते मुद्दाम निर्मनुष्य बाजूने, म्हणजे मागे फिरायला काही उरूच नये. मग वक्ते सिंहगडावर गेले. सूर्याजीने दोर कापले, ते चौथीच्या पुस्तकापासून आपल्याला पाठच आहे. "संशोधनात यायचं तर दोर कापून या," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारी बसलेला मित्र तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. त्याने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. पुढे त्याची फेलोशिप सुरू व्हायला चौदा महिने लागले. आज तो संशोधनात नाही. सगळा दोष त्या एका व्याख्यानाला देणं बरोबर नाही, घरचीही कारणं होती. पण गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. म्हणून मागच्या उन्हाळ्यात मी मूळ पुस्तकच वाचायला घेतलं, आणि खरं सांगायचं तर जरा संशयानेच घेतलं.

पुस्तक 1890 चं. नॉर्वेजियन नावाचा अर्थ 'स्कीवरून ग्रीनलंडपार', इंग्रजीत ते 'द फर्स्ट क्रॉसिंग ऑफ ग्रीनलंड' या नावाने दोन खंडांत आलं. लेखक फ्रिट्यॉफ नान्सेन तेव्हा आपल्याच वयाचा, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसचा. मोहिमेआधी बर्गेनच्या म्युझियममध्ये नोकरीला. मोहिमेवर निघण्याच्या मोजून काही दिवस आधी त्याने डॉक्टरेटचा व्हायवा दिला होता. थिसिस मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेवर, गॉल्जीची रंगवण्याची पद्धत वापरून केलेला. बर्फाशी त्याचा काडीचा संबंध नाही. व्हायवा झाल्यावर आपण आठवडाभर झोपा काढतो, हा गृहस्थ ग्रीनलंडला गेला.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. आपण ज्याला हिमनदी म्हणतो, गंगोत्रीसारखी, ती दरीतून वाहणारी. ग्रीनलंडवर आहे ती हिमचादर. सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर, काही ठिकाणी तीन किलोमीटरपेक्षा जाड, आणि तिच्या कडांवरून हिमनद्या समुद्रात उतरतात. 1888 मध्ये हे माहीत नव्हतं. आतमध्ये काय आहे, हाच प्रश्न होता. स्वीडनच्या नॉर्डेनशेल्डला वाटत होतं की ओले वारे किनाऱ्याच्या डोंगरांवरच आपलं पाणी टाकून देत असतील, म्हणजे आत बर्फाऐवजी मोकळी, कदाचित हिरवी जमीन असेल. 1883 मध्ये तो पश्चिमेकडून आत शिरला. पुढे त्याची माणसं थकल्यावर त्याने सोबतच्या दोन सामी माणसांना स्कीवरून पाठवलं. ते 57 तासांनी परतले आणि म्हणाले, 230 किलोमीटर आत जाऊन आलो, सगळीकडे बर्फच.

कोणी विश्वास ठेवेना. मग पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये योकमोकला 220 किलोमीटरची स्की शर्यत घेतली गेली. त्या दोघांपैकीच एक, लार्स टुओर्डा, 21 तास 22 मिनिटांत जिंकला. रिप्रॉड्युसिबिलिटी म्हणजे काय, हे कुणाला शिकवायचं झालं तर मी ही शर्यत सांगेन. वेग शक्य आहे एवढंच तिने सिद्ध केलं, ते दोघं नेमके तेवढं अंतर गेले होते हे नाही. हा फरक आपण आपल्या पेपरांत किती वेळा विसरतो!

नान्सेनला मोहिमेची कल्पना याच बातमीवरून सुचली, हे तो स्वतः लिहितो.

आता दोरांकडे येऊ. पूर्व किनाऱ्यालगत तरंगत्या बर्फाचा पट्टा असतो. जहाज तिथे थांबून वाट बघू शकत नाही. पश्चिमेला डॅनिश वसाहती, लोक, अन्न, बोटी. पश्चिमेकडून निघालात तर पूर्वेला पोचून परत पश्चिमेलाच यावं लागणार, म्हणजे अंतर दुप्पट आणि सामानही दुप्पट. नॉर्डेनशेल्ड असाच मागे फिरला होता, 1886 मध्ये पिअरीही. पूर्वेकडून निघालात तर चादर एकदाच ओलांडायची. हा शुद्ध हिशेब आहे. मागे फिरण्याचा मोह राहत नाही, हेही कारण नान्सेन देतो, आणि त्याला ते आवडतंही. पुढे 1926 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या विद्यार्थ्यांसमोर तो याच सुरात बोलला. व्याख्यानांत हे दुसरं कारण येतं. पहिलं येत नाही, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत.

आणि पुस्तकात प्रत्यक्षात काय घडतं? 17 जुलैला 'जेसन' हे सील शिकारीचं जहाज त्यांना किनाऱ्याजवळ सोडतं. दोन छोट्या होड्या तरंगत्या बर्फात अडकतात आणि बारा दिवस प्रवाह त्यांना दक्षिणेला नेतो, साधारण 380 किलोमीटर. 29 जुलैला पाय जमिनीला लागतात, पण भलत्याच ठिकाणी. मग किनाऱ्याकिनाऱ्याने पुन्हा उत्तरेला वल्ही मारायची. प्रत्यक्ष चढाई 15 ऑगस्टला, उमिविकहून. ठरलं होतं क्रिस्टियान्सहॉपला पोचायचं. ऑगस्टच्या अखेरीस समोरून वारा, स्लेज ओढवत नाहीत, हंगाम संपत आलेला. नान्सेन दिशा वळवतो आणि जवळच्या गोटहॉपकडे, म्हणजे आजच्या नूककडे, निघतो.

म्हणजे बघा, सिनॉप्सिसमध्ये लिहिलेली सुरुवात बदलली, शेवटही बदलला. फक्त मधला भाग तोच राहिला, कारण प्रश्न तिथे होता. हट्टी माणूस क्रिस्टियान्सहॉपलाच गेला असता, आणि पोचला नसता असं मला वाटतं. पुस्तकातला हा निर्णय मी तीनदा वाचला. नान्सेन कारणं साधी सांगतो, वारा, बर्फाचा पोत, उरलेले दिवस. पराक्रमाचा आव नाही, की माफीचा सूरही नाही. आपल्याकडे विषयाचा रोख बदलायचा म्हटलं की लोक महिनोन्‌महिने गाईडला तोंड दाखवत नाहीत.

पुस्तकाची खरी ताकद मला साधनसामग्रीच्या प्रकरणात दिसली. आपल्या भाषेत मेथड्स चॅप्टर. स्लेज कोणत्या लाकडाचे, खाली पोलादी पट्ट्या कशा बसवल्या, झोपायच्या पिशव्या, चूल, इंधन, सगळं मापांसकट. आणि त्यातच चुकाही. सोबत नेलेलं वाळवलेलं मांस चरबी काढून टाकलेलं होतं, आणि हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. परिणाम असा की पोट भरलं तरी भूक जात नव्हती. स्वेर्ड्रुपने एके दिवशी विचारलं, बुटांना लावायचं तेल खाल्लं तर चालेल का. गमतीने सांगितलेला प्रसंग आहे, पण त्यामागे रेशनच्या हिशेबातली ढोबळ चूक आहे आणि लेखकाने ती झाकलेली नाही. पुढे ध्रुवावर जाणाऱ्या कुणालाही हे पान वाचून फायदाच झाला असणार.

थर्मामीटरचा प्रसंग मात्र मला थेट लागला. 11 सप्टेंबरच्या सुमारास ते सर्वांत उंच भागात होते, सुमारे 2,700 मीटरवर. रात्री नान्सेनने उशाखाली किमान तापमानाचा थर्मामीटर ठेवला. सकाळी पाहतो तर आतला द्रव पट्टीच्या खाली गेलेला. पट्टी उणे 37 सेल्सिअसच्या आसपास संपत होती. सप्टेंबरात एवढी थंडी पडेल हे कुणी धरलंच नव्हतं. तेही तंबूत, जिथे सहा माणसं झोपली होती. नान्सेन हे जसंच्या तसं लिहितो. नंतर हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी इतर नोंदींवरून हिशेब केला, तेव्हा बाहेरचा आकडा उणे 45 च्या आसपास निघाला.

माझ्या पहिल्या फील्ड सीझनमध्ये सह्याद्रीतल्या एका ओढ्यात आम्ही पाण्याची पातळी मोजणारा लॉगर बसवला होता. रेंज चार मीटर. जुलैत पूर आला आणि ग्राफवर चार मीटरला सरळ सपाट रेष, अकरा तासांची. मला कुणीतरी सुचवलं, 'इन्स्ट्रुमेंट एरर' लिहून तो तुकडा काढून टाक. मी काढलाही होता. एका मसुद्यात तो नाहीच. पुढे पुराच्या खुणा मोजून वरचा अंदाज बांधला आणि रेष परत घातली, पण पहिला मोह खोटं बोलण्याचाच होता. पट्टी संपली हीसुद्धा नोंदच असते: पाणी निदान चार मीटर होतं, थंडी निदान उणे 37 होती. नान्सेनने ते पान गाळलं असतं तर मोन यांना हिशेब करायला काही उरलं नसतं.

आता तक्रारी. पहिली नावाबद्दल. 'स्कीवरून ग्रीनलंडपार' म्हणायला छान वाटतं, पण सुरुवातीच्या चढावर भेगा आणि ओलं बर्फ होतं, तिथे ते बहुतेक पायीच ओढत गेले. स्की सलग वापरता आल्या त्या सप्टेंबरच्या सुरुवातीपासून, साधारण तीन आठवडे. उताराच्या टप्प्यावर 19 तारखेला त्यांनी स्लेज एकत्र बांधून चक्क शिडं लावली. शेवटी तर अमेरालिक फियोर्डमधून गोटहॉपला पोचले ते तंबूच्या कापडाची आणि वाकवलेल्या फांद्यांची ओबडधोबड होडी वल्हवत, 3 ऑक्टोबरला, तेही फक्त नान्सेन आणि स्वेर्ड्रुप. आत मजकुरात सगळं प्रामाणिक आहे, पण मुखपृष्ठ एकाच तंत्राला श्रेय देतं. नाव डेटापेक्षा जोरात बोलतं, हा रोग तेव्हाही होता. इंग्रजी नाव निदान तेवढंच सांगतं जेवढं झालं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. सहांपैकी दोघं सामी होते, सॅम्युएल बाल्टो आणि ओले नील्सन राव्ना, दोघंही कारासयोकचे. मोहिमेची मूळ कल्पना ज्या निरीक्षणावर उभी आहे ते सामी माणसांचं. आणि तरी या दोघांबद्दल लिहिताना नान्सेनचा सूर वरून खाली बघणारा होतो. त्यांची भीती तो विनोदासाठी वापरतो. तरंगता बर्फाचा तुकडा फुटायच्या बेतात असताना हे दोघं होडीत ताडपत्रीखाली शिरून सामी भाषेतला नवा करार वाचतात, आणि ते चित्र आपण हसावं म्हणून रंगवलेलं आहे. मला हसू आलं नाही. राव्ना पंचेचाळिशीचा, घरी बायको-मुलं असलेला माणूस. निर्मनुष्य किनाऱ्यासमोर बर्फाच्या तुकड्यावर त्याला मरणाची भीती वाटली, यात विनोदी काय? दोर कापण्याचा निर्णय त्याचा नव्हताच. तो घेणारा वेगळा होता आणि त्याची किंमत सगळ्यांच्या माथी होती. माझ्या मित्राची आठवण मला इथेच आली.

एक मात्र मान्य करायला हवं. नान्सेनने बाल्टोच्या स्वतःच्या हकिगतीतले उतारे पुस्तकात घेतलेत. त्यामुळे काही प्रसंग दोन बाजूंनी वाचता येतात, आणि बाल्टोचा सूर अधिक थेट आहे. 1890 च्या प्रवासवर्णनात हे सहज मिळत नाही.

निष्कर्षाबद्दल थोडं. नान्सेन सांगतो की आतला प्रदेश अखंड बर्फाखाली आहे आणि चादरीचा आकार ढालीसारखा, मधे उंच आणि कडांकडे उतरता आहे. बरोबर निघालं. पण तो गेला होता ग्रीनलंडच्या दक्षिण भागात, 64 अंशांच्या आसपास, एका रेषेवर. व्हायव्यात मी परीक्षक असते तर विचारलं असतं, एका छेदावरून बेटभर कसं बोलता? त्याचं उत्तर तयार आहे, आकाराचा आणि हवामानाचा युक्तिवाद तो करतो, पण पुरावा पुढच्यांनी गोळा केला. गमतीची गोष्ट म्हणजे नॉर्डेनशेल्डची हिरवी जमीन अगदीच खोटी नव्हती. नान्सेनच्या वाटेपासून उत्तरेला, फार लांब नसलेल्या डाय-3 इथे 1981 मध्ये ड्रिलिंग खडकापर्यंत, 2,037 मीटर खोल पोचलं. त्या गाभ्याच्या तळच्या गाळात वनस्पतींचं आणि कीटकांचं डीएनए सापडल्याचं 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. काही लाख वर्षांपूर्वी तिथे जंगल होतं. नॉर्डेनशेल्डची जागा बरोबर होती, काळ चुकला.

पुस्तक लांब आहे, हे सांगून ठेवते. स्कीच्या इतिहासाचं प्रकरण शब्दांच्या व्युत्पत्तीत इतकं खोल शिरतं की मी पन्नासेक पानं उडवली. आधीच्या मोहिमांचा आढावा मात्र उडवू नका, आधीचे कुठे आणि का थांबले हे त्यात नीट सापडतं. कॉपीराइट केव्हाच संपलाय, दोन्ही खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. दुसऱ्या खंडाच्या शेवटी वैज्ञानिक निरीक्षणांचं परिशिष्ट आहे. मी ते शेवटी वाचलं. तुम्ही आधी वाचा, आणि मग साधनसामग्रीचं प्रकरण.

मित्राला मी थर्मामीटरच्या पानाचा फोटो पाठवला होता. त्याचं उत्तर आलं: "आणि जहाज? परतीचं जहाज मिळालं का त्यांना?" नाही मिळालं. ते निघून गेलं होतं. सगळ्यांनी हिवाळा गोटहॉपला काढला, नान्सेन इनुइट लोकांकडून कयाक चालवायला शिकला आणि त्यांच्या जगण्यावर एक वेगळं पुस्तक लिहिलं. कोपनहेगनला पोचायला मे 1889 उजाडला.