निवेदकाचे गीत : रवींद्र जैन यांच्या दूरदर्शन-रचनांचा विचार

दूरदर्शनमालिकेसाठी लिहिलेल्या गीताचे मूल्यमापन कोणत्या निकषांनी करावे, या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. असे गीत कागदावर उतरवून भावकवितेच्या शेजारी ठेवावयाचे आणि ते फिके वाटले म्हणजे सामान्य ठरवावयाचे, हीच रीत रूढ आहे. रवींद्र जैन (१९४४–२०१५) यांचे कार्य पाहता ही रीत अपुरी आहे, असे म्हणणे भाग पडते.

अलीगढ येथे जन्मलेले जैन जन्मांध होते. गीतरचना, स्वररचना आणि प्रसंगी गायन ही तिन्ही अंगे त्यांनी स्वतः सांभाळली. ‘सौदागर’ (१९७३), ‘चितचोर’ (१९७६) व ‘अंखियों के झरोखों से’ (१९७८) या चित्रपटांनी त्यांचे नाव झाले. ‘राम तेरी गंगा मैली’ (१९८५) या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक लाभले. या काळातील त्यांचे गीत बहुधा पात्राच्या तोंडचे असते. ‘चितचोर’मध्ये अमोल पालेकर यांनी रंगविलेला नायक गातो, तेव्हा ते शब्द त्याच्या स्वभावाचेच अंग ठरतात.

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि जैन यांच्या गीताचा धर्म पालटला. ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललेल्या या ७८ भागांच्या कथेत गीत बहुशः कोणाचेच नसते. ते निवेदकाचे असते. पात्र मूक असते आणि त्याच्या मनातील खळबळ पडद्यामागील स्वर सांगतो. दीर्घ प्रवास दोन कडव्यांत उरकतो. तुलसीदासांच्या चौपायांशेजारी जैन यांची स्वतःची पदे येतात आणि त्यांची भाषा मानसाच्या वळणाची असल्याने हा सांधा सामान्य श्रोत्यास सहसा जाणवत नाही. स्वतःची मुद्रा पुसून परंपरेच्या स्वरात बोलणे हे कौशल्य सामान्य नव्हे. मात्र अशा रचनेत कवीचे व्यक्तित्व शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

या ठिकाणी मराठी अभ्यासकास ‘गीतरामायणा’चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांची ही ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यास एक या क्रमाने प्रसारित झाली. तेथे दृश्य नव्हते. म्हणून पात्र, स्थळ आणि प्रसंग हे सर्व शब्दांनाच उभे करावे लागले. कौसल्या, दशरथ, सीता, भरत आपापले मनोगत गातात आणि प्रत्येक गीत स्वयंपूर्ण होते. दूरदर्शनवर पात्र व स्थळ चित्रानेच दिलेले असतात. तेथे गीताने स्वयंपूर्ण होण्याचा हट्ट धरला, तर ते चित्राशी झगडू लागेल. माडगूळकरांच्या रचनेची पूर्णता आणि जैन यांच्या रचनेची अपूर्णता ही दोन्ही आपापल्या माध्यमाची फळे होत.

तथापि माध्यमाचा हा आधार सर्वच दोषांना संरक्षण देऊ शकत नाही. डोळ्यांत अश्रू दिसत असताना शब्दांनीही अश्रूंचेच वर्णन करावे, असे या मालिकेत अनेकदा घडते. मग गीत चित्रास अर्थ देत नाही. केवळ त्याची पुनरुक्ती करते. हा दोष कवीच्या दृष्टिहीनतेस चिकटविणे अन्यायाचे होईल. निवेदकास स्वतःचे असे काही पणास लावावे लागत नाही. त्यामुळे तो सहजच केवळ वर्णनकार होतो.

याचा पडताळा पुढील ‘लव कुश’ मालिकेत (१९८८-८९) मिळतो. लव आणि कुश रामाच्या सभेत रामकथा गातात, त्या दीर्घ गीतात निवेदक प्रथमच पात्र होतो. कथा तीच, चालही आख्यानाची. परंतु सांगणारे सीतेचे पुत्र आहेत आणि ऐकणारा त्यांचा पिता. ज्या घटना श्रोत्यास पूर्वीच ठाऊक आहेत, त्यांचे साधे कथनही येथे अभियोगाचे रूप घेते. ‘गीतरामायणा’चा आरंभ ज्या प्रसंगाने होतो, तेथे दूरदर्शनचा गीतकार सर्वांत शेवटी पोहोचला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मालिकागीताचा निकष यावरून निश्चित करता येईल. ते स्वतंत्र कविता आहे काय, हा प्रश्न गौण होय. चित्रास जे सांगता आले नसते, ते गीताने सांगितले काय, आणि ते सांगण्याचा अधिकार कोणाच्या मुखी दिला, हेच पाहावयास हवे. २०२० च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा प्रसारित झाले, तेव्हा नव्या पिढीनेही ही पदे ऐकली. लक्षावधींच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांस केवळ ते लोकप्रिय आहेत म्हणून वगळणे किंवा केवळ भक्तिपर आहेत म्हणून गौरविणे, दोन्ही सारखेच अनुचित होय. जैन यांच्या रचनांपैकी या निकषास उतरणाऱ्या थोड्याच आहेत. परंतु ज्या उतरतात, त्यांचा अभ्यास आख्यानकाव्याच्या परंपरेतच व्हावयास हवा.