टोप उतरला, रंग उतरला नाही

अमर कौशिक दिग्दर्शित ‘बाला’ हा २०१९ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट विनोदी खरा. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गंभीर आहे. पुरुष स्वतःची किंमत कशावरून ठरवितो, हा तो प्रश्न होय.

कानपूरचा बालमुकुंद शुक्ल शाळेत असताना दाट केसांच्या तोऱ्यात टक्कल असलेल्या शिक्षकांची आणि सावळ्या लतिकेची टर उडवीत असे. ऐन तारुण्यात त्याचेच केस गळतात. नोकरी गोरेपणाचे क्रीम विकण्याची. म्हणजे इतरांच्या न्यूनगंडावर त्याची चूल पेटते. अखेर केसांचा टोप घालून तो परीशी विवाह करतो. सत्य उघड होताच ती त्याला सोडते आणि न्यायालय विवाह रद्द करते. चित्रपटाने परीस खलनायिका ठरविलेले नाही. लतिकाही शेवटी त्याला नकार देते. टोप उतरविणाऱ्या पुरुषास बक्षीस म्हणून स्त्री मिळत नाही, हे आम्हांस या चित्रपटाचे मोठे यश वाटते.

परंतु लतिकेची भूमिका भूमी पेडणेकर यांना त्वचा काळवंडून करावयास लावली गेली. नायकाचे टक्कलही रंगभूषेचेच होते, असा बचाव कोणी करील. तो आम्हांस मान्य नाही. नायकाचे केस कथेत क्रमाक्रमाने जातात. तेथे रंगभूषा अपरिहार्य होती. लतिकेचा रंग मात्र आरंभापासून अखेरपर्यंत तोच आहे. मग सावळ्या वर्णाची अभिनेत्री का चालली नाही ? शिवाय पात्रांची आडनावे पाहावीत : शुक्ल, त्रिवेदी, मिश्र. रंगाचा प्रश्न एकाच वर्णाच्या अंगणात ठेवल्यामुळे जातीचा उच्चार करण्याची वेळच येत नाही. ज्या समाजांना रंग आणि जात या दोहोंवरून एकदमच हिणविले जाते, ते या कथेच्या बाहेरच राहतात.

पब्बज्जेच्या वेळी नवदीक्षितास ज्या पाच गोष्टींचे चिंतन दिले जाते, त्यांत केस पहिले आणि त्वचा शेवटची. देहाच्या बाह्यरूपावर ‘मी’पणाची इमारत उभी राहू नये, हा त्यामागील हेतू. ‘बाला’ केसांपर्यंत प्रामाणिकपणे पोहोचतो. त्वचेपाशी येताच त्याचे धैर्य संपते.

तरीही आमच्या तरुणांनी तो अवश्य पाहावा. मात्र हसून झाल्यावर, लतिकेच्या चेहऱ्यावर तो रंग कोणाच्या सोयीसाठी चढविला गेला, हेही विचारावे.