कोळशाची रेघ आणि कल्पनेचे मोल

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण बराच वेळ दाराशी रेंगाळत राहिला. सारे पांगल्यावर त्याने मोबाईलवर एक चित्र दाखविले. एका माकडाचा रंगीत मुखडा होता तो. "फादर, हे माझ्या मालकीचे आहे," तो म्हणाला. २०२१ च्या अखेरीस वडिलांच्या धानविक्रीच्या पैशांतून त्याने ते घेतले होते. दुप्पट भावाने विकू, असा त्याचा हिशेब होता. आज ते कोणी फुकटही घेत नाही. पैशांचे दुःख त्याला होतेच. परंतु त्याने विचारले ते निराळेच. "चित्र वाईट होते म्हणून बुडालो, की हल्लीची ही कलाच खोटी?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला उभ्या उभ्या देता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधुनिक कलेत 'संकल्पना-कला' नावाचा जो प्रवाह आहे, त्याची भूमिका थोडक्यात अशी : हातांचे कसब दुय्यम, कल्पना प्रमुख. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी चिनी मातीचे मूत्रपात्र पाठविले, तेव्हापासून या वादाला तोंड फुटले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेच्या सोल लेविट यांनी या विचाराची रीतसर मांडणी केली. वस्तू सुंदर आहे की नाही हे पाहू नका, ती तुमच्या मनात कोणता प्रश्न उभा करते ते पाहा, असे या कलेचे सांगणे आहे. हे सांगणे आम्हांला मुळीच टाकाऊ वाटत नाही. मात्र त्यात एक धोका दडलेला आहे. वस्तू गौण ठरली की उरते ती कल्पना. आणि कल्पनेला तराजू नसल्यामुळे तिची किंमत कोणीही कितीही सांगावी.

नेमक्या याच फटीतून अंकीय संग्रहवस्तू, ज्यांना सर्वत्र एनएफटी म्हणतात, त्या आत शिरल्या. हा व्यवहार आपल्या शेतकरी वाचकांना सातबाऱ्याच्या दाखल्याने समजेल. अनेक संगणकांवर एकाच वेळी राखलेल्या, सहजासहजी खाडाखोड न होणाऱ्या वहीत एक नोंद होते : अमुक चित्राची खूण अमुक व्यक्तीच्या नावे. चित्र स्वतः बहुधा त्या वहीत नसतेच. ते दुसरीकडे कोठेतरी साठविलेले असते. ते कोणीही पाहावे, कोणीही उतरवून घ्यावे. चित्र छापण्याचे हक्कही सहसा चित्रकाराकडेच राहतात. म्हणजे सातबारा हाती आला. पण शेतात पाऊल टाकायला सारे गाव मोकळे, आणि पीक तर दुसऱ्याचेच.

मार्च २०२१ मध्ये 'बीपल' या नावाने काम करणाऱ्या अमेरिकी चित्रकाराच्या पाच हजार संगणक-चित्रांचा एकत्रित पट क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरना गेला. रोज एक चित्र, असा त्याचा नेम २००७ पासून चालू होता. त्या चिकाटीला आमचा नमस्कार आहे. परंतु जगभर चर्चा झाली ती आकड्याची. त्या पाच हजार चित्रांत काय आहे, हे किती जणांनी पाहिले? इटलीचे मौरिझिओ कातेलान यांनी २०१९ मध्ये भिंतीला चिकटपट्टीने एक केळे लावले. घेणाऱ्याला मिळते ते प्रमाणपत्र आणि केळे कसे लावावे याच्या सूचना. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६२ लाख डॉलरना विकली गेली. घेणारा आभासी चलनाच्या धंद्यातला उद्योजक होता, आणि त्याने ते केळे खाऊन टाकले. बाजाराच्या वेडेपणावर केलेली थट्टा बाजारानेच गिळली.

याच कातेलान यांच्या एका जुन्या कृतीशी आमचा स्वतःचा एक हिशेब राहून गेला आहे. १९९९ मध्ये त्यांनी 'ला नोना ओरा', म्हणजे 'नववा तास', हे मांडणशिल्प केले. पोप जॉन पॉल दुसरे यांचा मेणाचा पुतळा उल्कापाषाणाखाली चिरडून लाल गालिच्यावर पडलेला आहे. डिसेंबर २००० मध्ये वॉर्सा येथील झाखेंता कलादालनाच्या शताब्दी-प्रदर्शनात ते असताना पोलंडच्या संसदेच्या दोन सदस्यांनी तो दगड उचलून बाजूला केला आणि पुतळा उभा करण्याचा प्रयत्न केला. दालनाच्या संचालिका आंदा रोटेनबर्ग यांना हटविण्याची मागणी झाली. त्या मागणीत त्यांच्या ज्यू वंशाकडेही बोट दाखविण्यात आले. २००१ मध्ये त्यांनी पद सोडले.

त्या वेळी आम्ही नुकतेच धर्मगुरू झालो होतो. नियतकालिकातील एक छायाचित्र पाहिले आणि पुढच्याच रविवारी प्रवचनातून त्या कृतीचा कडक निषेध केला. आज ते प्रवचन आठवले की संकोच वाटतो. पुतळ्याच्या हातातील क्रूस आम्ही पाहिलाच नव्हता. दगडाखालीही त्या हातांनी क्रूस सोडलेला नाही. ख्रिस्ताने क्रूसावर आक्रोश केला तो नववा तास, हे शीर्षक निरर्थक नव्हते, आणि गुरुविद्यालयातून शिकून आलेल्या आम्हांला तरी ते उमगायला हवे होते. पोलंडपुरते पाहिले तर ते त्या समाजावरचे मार्मिक भाष्य होते. १९७९ च्या पोपभेटीने ज्या देशाला कम्युनिस्ट राजवटीपुढे ताठ उभे राहण्याचे बळ दिले, त्याला प्रश्न होता : ज्याच्या खांद्यावर सारा भार ठेवलात, तो कोसळला तर तुम्ही काय कराल? संसद-सदस्यांनी दगड उचलून नकळत उत्तर दिले. पित्याचे पडणे त्यांना बघवले नाही. हे प्रेम आम्हांला कळते. पण १९८६ मध्ये रोमच्या ज्यू प्रार्थनामंदिरात जाऊन आलेल्या पोपच्या सन्मानासाठी एका स्त्रीचा ज्यू वंश उकरून काढावा, हा त्या दगडाहून मोठा आघात होता. पुढे २००५ पर्यंत त्याच पोपमहोदयांनी आपला थरथरता, थकलेला देह जगापासून लपविला नाही. शिल्पापेक्षा ते स्वतः अधिक धीट होते.

आता दूरदेशीच्या या गोष्टी सोडून आपल्या झाडीपट्टीकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती हे कोळसाखाणीचे गाव. तेथे १९८६ मध्ये प्रभाकर पाचपुते जन्मले. घरातील तीन पिढ्या खाणीशी बांधलेल्या. गोंदियाहून रायपूरच्या वाटेवर डोंगरगड लागते. तेथून जवळच्या खैरागडच्या कलाविद्यापीठात त्यांनी शिल्पकला शिकली, पुढे बडोद्यास गेले. २०१२ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. त्याचे इंग्रजी नाव खाणीतल्या कॅनरी पक्ष्यावरून घेतलेले होते. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून खाणकामगार हा इवलासा पक्षी बरोबर नेत. तो आधी कोसळे, माणसे वाचत. ब्रिटनच्या खाणींतून त्याला रजा देण्याचा निर्णय झाला तोही १९८६ मध्येच.

मुंबईस गेलो असता पाचपुते यांची काही चित्रे आम्हांला उभे राहून पाहता आली. कामगाराच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा किंवा यंत्राचा भाग, भोवती खणून पोखरलेली जमीन. येथेही कल्पनाच प्रमुख आहे. परंतु ती कल्पना कोळशाने, म्हणजे ज्याच्यासाठी माणसे जमिनीत उतरतात त्याच पदार्थाने रेखाटलेली आहे. विषय आणि साधन यांत फट राहिलेली नाही. कित्येक चित्रे ते थेट भिंतीवर काढतात. प्रदर्शन संपले की भिंतीला रंग बसतो. आपल्याकडे मंडईच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत रंगते आणि उजाडताच मांडव रिकामा होतो, पण पाहणारा ते घरी घेऊन जातो, तसेच हे. २०२१ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे 'आर्टेस मुंडी' हा पुरस्कार सहा कलावंतांना विभागून मिळाला, त्यांत पाचपुते होते. वेल्सही खाणकामगारांचाच मुलूख. सास्तीचे आणि तेथील श्रमिकांचे नाते त्यांनी निषेधाच्या फलकांतून जोडून दाखविले.

कोळसा आपल्यालाही परका नाही. आपल्या तिरोड्यात ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. मोबाईलवरील 'निराकार' चित्राच्या मागेही कोठेतरी वीज जळत असते. या व्यवहारातील इथेरियम या प्रमुख जाळ्याने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलून आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटविला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु २०२१ च्या त्या तेजीतील प्रत्येक नोंदीला खाणीतील कोणाच्या तरी घामाचा काळा डाग होता. निराकार म्हणून मिरविणाऱ्या कलेला हे दिसले नाही. कोळशाच्या रेघेला दिसले.

पाचपुते यांची चित्रेही विकली जातात, आणि विकली जावीत. कलावंताला पोट असते. अंकीय नोंदींमुळे काही होतकरू चित्रकारांना घरबसल्या ग्राहक मिळाले, हेही खरे. आमचा आक्षेप विक्रीला नाही, आणि संगणकालाही नाही. 'हे काय सांगते?' या प्रश्नाची जागा 'हे कोणाचे?' या प्रश्नाने घेतली की कला तेथेच संपते, एवढेच आमचे म्हणणे आहे. वॉर्साच्या संसद-सदस्यांनी रागाने पाहणे थांबविले, बाजाराने लोभाने. आणि आम्ही त्या प्रवचनात अज्ञानाने.

तो तरुण परवा पुन्हा आला. आम्ही त्याला म्हणालो, "बाबा रे, कला खोटी नाही. तू चित्र घेतलेस, पण ते पाहिलेस का? त्या माकडाच्या डोळ्यांचा रंग सांग बरे." तो हसला आणि खाली पाहू लागला. त्याला ठाऊक नव्हते. मग आम्ही पाचपुते यांच्या चित्रांचे एक पुस्तक त्याच्यापुढे उघडले. तो बराच वेळ एकाच पानावर थांबला, आणि मग हळूच म्हणाला, "फादर, माझे आजोबा असेच वाकून चालायचे."